जमा-नावे : गमतीच्या गोष्टींचे दुसरे पान

किर्द लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच नियम शिकविला जातो. जमेच्या बाजूला रक्कम पडली, तर नावेच्या बाजूलाही ती कुठेतरी पडलीच पाहिजे. रक्कम आकाशातून येत नाही आणि पाताळात जात नाही. ताळा जुळत नसेल, तर नोंद राहून गेली आहे असे समजावे आणि ती सापडेपर्यंत वही मिटू नये. व्यापारी घरांत हा नियम इतका मुरलेला असतो की, दिवाळीच्या वहीपूजनाला बसलेल्या नातवालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

मात्र याच घरांतील एक वही बहुधा एकाच बाजूने लिहिली जाते. ती वही गप्पांची. दिवाणखान्यात पाहुणे जमतात आणि घरचा कर्ता पुरुष रंगात येतो. नाटकाला गेलो आणि तिकिटे घरीच विसरलो, यात्रेत गाडी चुकली आणि फलाटावर पंगत बसली, नवे यंत्र घरी आणले आणि त्याने पहिल्याच दिवशी दगा दिला. मंडळी पोट धरधरून हसतात. फलाटावरच्या त्या पंगतीत खाखरे होते, ठेपले होते, उकळून गार केलेल्या पाण्याची भांडी होती आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांचे जेवण उरकले होते. हे सारे आदल्या रात्री कोणी केले, ते मात्र गोष्टीत येत नाही. गोष्टीत डबा आपोआप उघडतो.

मराठी वाचकांना अशा गोष्टी सांगणारा सर्वांत लाडका गृहस्थ लाभला तो पु. ल. देशपांडे यांच्या रूपाने. आणि त्याच गोष्टींचे दुसरे पान ज्यांनी लिहिले, त्या सुनीताबाई देशपांडे त्यांच्याच घरात होत्या. एका घराची किर्द दोन्ही बाजूंनी लिहिली गेल्याची उदाहरणे आपल्या भाषेत फार थोडी आहेत. म्हणूनच हे उदाहरण हिशेबाची सवय असलेल्या वाचकांनी जवळून पाहण्याजोगे आहे.

प्रथम जमेची बाजू. पुलंचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 चा. ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली आली आणि मध्यमवर्गीय घरातील माणूस आपल्याच फजितीवर हसायला शिकला. त्यातील ‘उपास’ आठवावा. वजन घटविण्याचा पण करणारा गृहस्थ आणि त्याला सल्ल्यांनी घेरणारे चाळकरी, एवढाच त्याचा विषय. ज्या घरांत अठ्ठाई आणि आयंबिल वर्षानुवर्षे गाजावाजा न करता होत आली आहेत, त्या घरांतील वाचकांना हा पण पाहून दुप्पट हसू येते. ‘असा मी असामी’मधील धोंडोपंत जोशी हे कचेरीत कारकुनी करणारे साधे गृहस्थ. काळ बदलतो, पोशाख बदलतो, घरातील वस्तू बदलतात आणि प्रत्येक नवी सोय धोंडोपंतांची एक नवी गैरसोय होऊन बसते. ‘म्हैस’मध्ये एस.टी.ची गाडी एका म्हशीपाशी अडते आणि गाडीतील सारा महाराष्ट्र रस्त्यावर उतरतो. ‘अपूर्वाई’ 1960 ची. तिच्यात लंडन आणि पॅरिस. ‘पूर्वरंग’ 1963 चे. त्यात आग्नेय आशिया आणि जपान. परदेशप्रवास ही फार थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट असताना, गावोगावच्या वाचनालयांतून या पुस्तकांनी लोकांना घरबसल्या फिरवून आणले.

या सगळ्यांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुलंच्या गोष्टींत फजिती होते ती सांगणाऱ्याची. पत्नी आली, तर ती बहुधा अधिक शहाणी, अधिक व्यवहारी आणि शेवटचा शब्द उच्चारून निघून जाणारी असते. बायकोच्या अज्ञानावर, तिच्या माहेरावर वा तिच्या देहयष्टीवर विनोद करून टाळ्या घेण्याची सोपी वाट उपलब्ध असताना, त्यांनी बव्हंशी स्वतःलाच हास्याचा विषय केले. आज भ्रमणध्वनीवरून दिवसाकाठी पाठविल्या जाणाऱ्या नवरा-बायकोच्या विनोदांशेजारी हे लेखन ठेवून पाहिले, म्हणजे सभ्य विनोद कशाला म्हणतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता दुसरे पान उलटू या.

सुनीताबाईंचा जन्म 1926 चा, रत्नागिरीच्या ठाकूर कुटुंबातील. वडील वकील. 1942 च्या आंदोलनात त्यांनी भाग घेतला. पुढे मुंबईत त्या शिक्षिका झाल्या. 12 जून 1946 रोजी रत्नागिरीत त्यांचा पुलंशी विवाह झाला तो नोंदणी पद्धतीने. मांडव नाही, मानपान नाही, हुंडा नाही. नोंदणीसाठी लागणारा कागद आठ आण्यांचा होता आणि ते आठ आणेही वधूनेच खर्च केले होते, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. लग्नाचा एवढा चोख हिशेब लिहिणारी वधू दुसरी सापडणे कठीण. लग्नाच्या एका दिवसासाठी पिढीची पुंजी खर्ची घालणाऱ्या आपल्या समाजातील घरांनी तर या आठ आण्यांकडे थोडे थांबून पाहायला हरकत नाही.

पुढे 1960 नंतर ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘वाऱ्यावरची वरात’ यांचे प्रयोग रंगमंचावर आले. तिकीटविक्रीच्या खिडकीपुढे रांगा लागल्या. प्रेक्षकांना दिसले ते पुल. पडदा वेळेवर उघडणे, सामान जागच्या जागी असणे, नटमंडळींची शिस्त, नाट्यगृहाशी होणारी बोलणी, जमाखर्च, या सर्वांमागे सुनीताबाई होत्या. ‘वाऱ्यावरची वरात’मध्ये त्या भूमिकाही करीत. ‘सुंदर मी होणार’मधील त्यांची भूमिका जाणकारांच्या स्मरणात राहिली. तेव्हा त्या पडद्यामागेच राहाव्यात अशी त्यांच्या गुणांची मर्यादा नव्हती. त्या पडद्यामागे गेल्या, कारण तिथली कामे दुसरे कोणी तितक्या नेटाने केली नसती.

प्रवासाचेही तेच. गाडी सुनीताबाई चालवीत. मैफलीचा माणूस गप्पांत रमला, म्हणजे रस्त्याकडे पाहणारे कोणी तरी लागतेच. पुस्तकांचे करार, मुद्रितांची तपासणी, परवानगी मागणाऱ्यांना उत्तरे, नको त्या निमंत्रणांना स्पष्ट नकार, ही सारी कामे त्यांची. नकार देणाऱ्याला लोक कठोर म्हणतात आणि ज्याच्यासाठी नकार दिला जातो तो प्रेमळ ठरतो. पेढीवर बसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. उधारी देणारे शेठजी दिलदार आणि वसुलीला जाणारा मुनीम खडूस, अशीच बाजारात वाटणी असते. देशपांडे यांच्या घरी मुनिमाचे पद सुनीताबाईंकडे होते आणि त्यासोबत येणारा लौकिकही त्यांनी निमूटपणे स्वीकारला होता.

1990 साली पुलंना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लग्नाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे होत होती. पुल हयात होते आणि कीर्तीच्या शिखरावर होते. पुस्तकाने खळबळ उडाली. ज्या माणसाने साऱ्या महाराष्ट्राला हसविले, त्याच्या घरात एक बाई एकटेपणाने थकली होती, रागावली होती आणि तरीही तिने आपले काम सोडले नव्हते, हे वाचणे अनेकांना जड गेले. घरातील गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणायच्या, असा सूर उमटला. दुसरीकडे असंख्य स्त्रियांना त्यात आपलेच घर दिसले.

हा आक्षेप हलका नाही. कुटुंबाची अब्रू हे आपल्याकडे भांडवलाइतकेच मोलाचे मानले जाते आणि त्यात चूक काही नाही. परंतु पुस्तक वाचणाऱ्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. सुनीताबाईंनी पतीच्या उणिवा मांडल्या, तितक्याच परखडपणे स्वतःच्याही मांडल्या. आपला हट्ट, आपला तापट स्वभाव, दुसऱ्यांना दुखावणारी आपली काटेकोर वृत्ती, यांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. पतीच्या प्रतिभेविषयीचा आदर तर पानोपानी आहे. ज्याला फक्त तक्रार करायची असते, तो एकाच बाजूला नोंदी करतो. इथे दोन्ही बाजू भरलेल्या आहेत. म्हणूनच त्या पुस्तकानंतर पुलंचे वाचक कमी झाले नाहीत. खरे हिशेब बाहेर आल्याने चांगल्या पेढीची पत जात नाही. पत जाते ती लपविलेले हिशेब उघडकीस आल्याने.

आणखी एक नोंद मन अस्वस्थ करणारी आहे. एवढ्या ताकदीची लेखिका स्वतःचे पहिले मोठे पुस्तक साठी ओलांडल्यावर लिहिती झाली. त्यानंतर ‘सोयरे सकळ’, ‘मण्यांची माळ’, ‘प्रिय जी. ए.’ अशी पुस्तके आली. ती वीस वर्षे आधी आली असती तर? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच वहीत नाही. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याने बाजूला ठेवलेली वर्षे हा खर्चच असतो. तो रोख नसतो, म्हणून लिहिला जात नाही, इतकेच.

त्या घराच्या ताळेबंदाची अखेरची ओळही पाहावी. पुस्तके आणि प्रयोग यांतून आलेला पैसा राहणीवर उधळला गेला नाही. प्रतिष्ठान स्थापन झाले आणि अनेक संस्थांना दाने दिली गेली. 1986 साली पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याच्या उभारणीत या दांपत्याच्या देणगीचा मोठा वाटा होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्राची ‘पुलस्त्य’ ही वास्तूही त्याच पुंजीतून उभी राहिली. देण्याची इच्छा अनेकांना असते. देण्याजोगे काही शिल्लक राहावे, यासाठी मात्र घरात कोणी तरी दररोज दिवा मालवावा लागतो, पावती जपावी लागते आणि साडी आणखी एक वर्ष वापरावी लागते. दानाच्या फलकावर जे नाव कोरले जाते, त्याच्यामागे ही दुसरी नोंद असते.

येथून आपल्या घरांकडे वळायला हवे.

व्यापारी घरांत दुकान पुढे आणि घर मागे, अशी रचना पिढ्यान्‌पिढ्या होती. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी मानवते, कोणत्या गड्याच्या घरी आजारपण आहे, पुढील महिन्यात कोणाचे लग्न असल्याने माल उचलला जाईल, ही माहिती अनेकदा आतल्या माजघरात अधिक अचूक असे. तिला पगार नव्हता आणि भागीदारीपत्रात तिचे नाव नव्हते. आता घरे दुकानांपासून दूर गेली आणि सोयी वाढल्या. 2016 साली युपीआय आले आणि खिशातील रोकडही नाहीशी होऊ लागली. रेल्वेचे तिकीट, नाटकाची खुर्ची, विजेचे बिल, मुलाची फी, सारे एका भ्रमणध्वनीत मावले. पण तो भ्रमणध्वनी बहुतेक घरांत एकाच्या खिशात असतो. सांकेतिक शब्द त्यालाच ठाऊक, व्यवहाराचा संकेतांकही त्यालाच येतो. पूर्वी तिजोरीची एक किल्ली तरी पदराला बांधलेली असे. सोय वाढली आणि किल्ली मात्र गेली.

याची गंमत गप्पांत येते. ‘आमच्या हिला यातले काही कळत नाही’ हे वाक्य हसत हसत उच्चारले जाते आणि तीही हसते. ज्या दिवशी तो खिसाच राहत नाही, त्या दिवशी या वाक्याची खरी किंमत कळते. कोणत्याही बँकेच्या शाखेत दहा वर्षे काढलेल्या माणसाला हे दृश्य परिचित असते. पांढऱ्या साडीतील बाई, सोबत दूरचा पुतण्या आणि हातात पिशवीभर कागद. ठेवी कुठे आहेत, विमा किती आहे, कोणाचे देणे आहे, यांपैकी काहीही तिला सांगितलेले नसते. चाळीस वर्षे घर चालविणारी बाई त्या खिडकीपुढे परकी होऊन उभी राहते.

यावरचे उपाय अवघड नाहीत. बचत खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला’ या पद्धतीने संयुक्त असावे. ठेवींना नामनिर्देशन केलेले असावे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवखात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. मालकी कोणाची हे मृत्युपत्र अथवा वारसाहक्काचा कायदा ठरवितो, हेही घरात सर्वांना ठाऊक असावे. खाती, ठेवी, लॉकर, विमा, देणी आणि येणी यांची एक साधी यादी हाताने लिहून पत्नीच्या कपाटात असावी आणि दर वर्षी पाडव्याला ती नवी करावी.

याहून गंभीर बाब सह्यांची आहे. कराच्या सोयीसाठी पत्नीला पेढीत भागीदार केले जाते, कर्जासाठी तिला जामीनदार केले जाते. जेवणाच्या ताटाशेजारी कागद ठेवला जातो, बोट दाखविले जाते आणि ती सही करते. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते. भागीदाराची तर पेढीच्या देण्यांसाठी स्वतंत्रपणेही जबाबदारी असते. धंदा बुडाला तर वसुली तिच्या नावावरील घरापर्यंत आणि तिच्या दागिन्यांपर्यंत पोहोचू शकते. ज्या कागदाने एवढे ओझे अंगावर येते, तो वाचण्यासाठी तिला अर्धा तास मिळावा, ही मागणी मोठी नव्हे. वाचून तिने प्रश्न विचारला, तर तो अविश्वास मानू नये. पतपेढीचा व्यवस्थापक शंभर प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला चहा पाजला जातो.

आणि गप्पांचे काय? त्या थांबवू नयेत. हसणारे घर हे आरोग्याचे लक्षण आहे. नाटकाच्या, यात्रेच्या, नव्या यंत्रांच्या गोष्टी अवश्य सांगाव्यात. सांगताना एवढेच करावे की, डबा कोणी केला ते नावानिशी सांगावे. फजिती आपली असावी आणि शहाणपणाचे श्रेय जिचे असेल तिला द्यावे. मधेच तिने ‘असे नव्हते झाले’ म्हटले, तर थांबून तिची हकीकत ऐकावी. अनेकदा तीच अधिक रंगतदार असते, कारण मागची बाजू तिने पाहिलेली असते.

12 जून 2000 रोजी पुलंचे निधन झाले. तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता. त्यानंतर नऊ वर्षे सुनीताबाई एकट्या होत्या. पुस्तकांचे हक्क, देणग्या, पत्रव्यवहार, कोठेही गोंधळ झाला नाही. कोणाला काही विचारायला जावे लागले नाही, कारण सारे व्यवहार पहिल्यापासूनच त्यांना ठाऊक होते. 7 नोव्हेंबर 2009 रोजी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पुलंचा जन्मदिवस होता.

एवढी वर्षे एकटीने निभावताना त्यांना दुःख झाले असेल, एकाकीपण जाणवले असेल. पण कोणत्याही खिडकीपुढे त्या परक्या ठरल्या नाहीत. आपापल्या घरातील स्त्रीविषयी इतके खात्रीने म्हणता येईल का, हे प्रत्येक कर्त्या पुरुषाने येत्या रविवारी दुपारी कपाट उघडून, तिला शेजारी बसवून एकदा पाहून घ्यावे.